कंसातली वचने

आजचे वाचन: योहान ७:५३ ते ८:११
सोबत वाचा: लूक १:१-४ आणि यिर्मया ३६ वा अध्याय



आजचा उतारा उघडा. तुमच्यापैकी काहींच्या पवित्र शास्त्रात या उताऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कंस दिसेल, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप, की फार जुन्या हस्तलिखितांत ही वचने आढळत नाहीत. काहींच्या प्रतीत कंस नसेल. मोबाईलवर वाचणाऱ्यांना तर टीप दिसतच नाही, ती बोट लावून उघडावी लागते. संदेश देताना आम्ही मंडळीही या टिपेवरून भरभर पुढे जातो. आज तिथेच थांबू या.

पहिल्यांदा पवित्र शास्त्र स्वतःबद्दल काय सांगते ते पाहू. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांत थियफिलाला सरळ सांगतो की माझ्याआधी पुष्कळांनी हे लिहायला घेतले होते, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून ते आमच्यापर्यंत आले, आणि मी सगळ्याची नीट चौकशी करून क्रमवार लिहितो आहे. म्हणजे लूकच्या टेबलावर आधीचे कागद होते. त्याने विचारपूस केली, निवडले, जुळवले. आत्म्याने त्याला चालवले हे आपण मानतो, पण त्याच्या पायाची धूळ आत्म्याने झटकून टाकली नाही. नीतिसूत्रे २५:१ पाहा. शलमोनाची ही सूत्रे हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतली, असे तिथेच नोंदवले आहे. शलमोन आणि हिज्कीया यांच्यात दोनशे वर्षांहून अधिक अंतर! रोमकरांस पत्र पौलाचे, पण १६:२२ मध्ये मधेच लेखनिक स्वतःचे नाव सांगून सलाम करतो.

आणि यिर्मया ३६. मला हा अध्याय फार आवडतो. यिर्मया तोंडाने सांगतो, बारूख शाईने लिहितो. गुंडाळी राजा यहोयाकीमपुढे वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, पुढे शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि आगीत टाकतो. सगळी गुंडाळी जळते. मग देव दुसरी गुंडाळी लिहायला सांगतो. शेवटचे वचन (३६:३२) सावकाश वाचा. बारूखाने पहिले सगळे पुन्हा लिहिलेच, शिवाय तशीच आणखी पुष्कळ वचने त्यात घातली गेली. म्हणजे यिर्मयाच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा मोठी होती, हे कोणा टीकाकाराने शोधून काढलेले नाही, यिर्मयाचा ग्रंथच सांगतो. पुढे या ग्रंथाची ग्रीक प्रत इब्रीपेक्षा साधारण एक अष्टमांशाने लहान राहिली. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत जी चामड्याची हस्तलिखिते सापडत गेली, त्यांत यिर्मयाचे लांब आणि आखूड असे दोन्ही इब्री नमुने मिळाले. देवाच्या लोकांनी दोन्ही जपून ठेवले होते.

हे मी एवढे सविस्तर का सांगतो आहे? मागच्या महिन्यात आमच्या घरसभेत एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नामुळे. या ताईंवर सासरी एक आळ आला होता. खरेखोटे कोणी विचारले नाही, गावाने मात्र दगड हातात घेतले होते. त्या काळात कोणीतरी त्यांना योहान ८ वाचून दाखवले आणि तिथून त्या प्रभूकडे आल्या. आता त्यांचा मुलगा शिकायला बाहेर आहे. त्याने फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि आईला सांगितला. ताई मला म्हणाल्या, "भाऊ, पोरगा म्हनते का हा उतारा पहिले बायबलात नवताच. मंग मी इतके वर्स कोनाच्या बोलन्यावर जगत होती?"

याला "विश्वास ठेवा, प्रश्न विचारू नका" हे उत्तर नव्हे. मुलाने खोटे सांगितले असे म्हणणेही बरोबर नाही, कारण त्याने खोटे सांगितलेच नव्हते.

नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांच्या वर आहे, त्यांतली पुष्कळशी तुकड्यांच्या स्वरूपात. सगळ्यांत जुन्यांपैकी एक तुकडा इंग्लंडात मँचेस्टरला आहे. तळहातात मावेल एवढा, योहान १८ मधल्या काही ओळींचा, बहुधा दुसऱ्या शतकातला. जवळजवळ अख्खे पवित्र शास्त्र असलेल्या दोन फार जुन्या प्रती चौथ्या शतकातल्या. एक रोमला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. दुसरी सीनाय डोंगराच्या पायथ्याशी संत कॅथरीनच्या मठात होती, तिचा बराचसा भाग आज लंडनमध्ये आहे. या दोन्ही प्रतींत योहान ७:५२ नंतर थेट ८:१२ येते. मधली बारा वचने नाहीत.

तुम्ही स्वतः एक पडताळा करून पाहा, ग्रीक यायची गरज नाही. ७:५२ वाचून लगेच ८:१२ वाचा. मंडपांच्या सणाचे बोलणे न तुटता पुढे जाते. मग योहानाच्या सबंध शुभवर्तमानात 'शास्त्री' हा शब्द शोधा. मत्तय, मार्क, लूक यांत पानोपानी सापडेल, योहानात फक्त ८:३ मध्ये. जैतुनांचा डोंगर हे नावही योहानात फक्त ८:१ मध्ये आहे. आणि लूक २१:३७-३८ वाचा. येशू रात्री जैतुनांच्या डोंगरावर राहतो, लोक पहाटे मंदिरात त्याचे ऐकायला येतात. आपल्या उताऱ्याची सुरुवात हुबेहूब अशीच नाही का? काही ग्रीक हस्तलिखितांत ही गोष्ट खरोखरच लूक २१:३८ च्या पुढे लिहिलेली आढळते.

मग ती आली कुठून? इतिहासकार युसेबियस सांगतो की दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा पापियास नावाचा वडील, पुष्कळ पापांचा आरोप ठेवून प्रभूपुढे आणलेल्या एका स्त्रीची गोष्ट सांगत असे. ती हीच असावी असे पुष्कळांना वाटते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियातला आंधळा शिक्षक दिदिमस याला ही गोष्ट माहीत होती. जेरोमने तिला आपल्या लॅटिन भाषांतरात जागा दिली. ऑगस्टीनने तर लिहून ठेवले आहे की काही माणसांनी, आपल्या बायका बिघडतील या भीतीने, आपापल्या प्रतींतून हा उतारा काढून टाकला. एवढ्यानेच सगळा उलगडा होतो असे मला वाटत नाही, कारण ज्या प्रतींत तो मुळात नव्हता त्या फार जुन्या आणि दूरदूरच्या आहेत. पण मंडळीतले पुरुष कशाला घाबरत होते ते मात्र ऑगस्टीनच्या वाक्यावरून कळते.

म्हणून मी ताईंना सांगितले ते असे. योहानाने आपल्या हाताने ही गोष्ट या जागी लिहिली असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत, आणि मलाही ते पटते. पण गोष्ट जुनी आहे. प्रभूची आठवण आहे. लोकांच्या तोंडी ती फिरत होती, माहेर नसलेल्या लेकीसारखी. कधी लूकच्या दारात थांबली, कधी योहानाच्या. तिच्यात जो येशू दिसतो तो बाकी शुभवर्तमानांतल्या येशूपेक्षा वेगळा असता, तर मंडळीने तिला कधीच दाराबाहेर ठेवले असते. तो तोच आहे, म्हणून मंडळीला तिला सोडवेना. कंसाचा अर्थ 'खोटे' असा नाही. "ही नंतर घरात आली, आम्ही ते लपवत नाही", एवढाच त्याचा अर्थ.

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हन्जे तिले बी कोनी तरी घरात घेतलंच." या उताऱ्यावर यापेक्षा चांगले भाष्य मी कुठे वाचलेले नाही.

आता आपल्या बल्लारपुरातलीच एक गोष्ट. इथे केरळातून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिक बांधवांचे संत थॉमस कॅथेड्रल आहे, आणि त्यांच्या चांदा धर्मप्रांताचे ते मुख्य मंदिर आहे. यांचे पूर्वज स्वतःला प्रेषित थोमाचे ख्रिस्ती म्हणवत. त्यांची उपासना शतकानुशतके सुरियानी भाषेत, येशूच्या अरामीच्या बहिणीत, चालत आली. त्या भाषेतल्या जुन्या पवित्र शास्त्राला पेशित्ता म्हणतात. जुन्या पेशित्तेच्या नव्या करारात सत्तावीस नव्हे, बावीस पुस्तके होती. २ पेत्र, २ योहान, ३ योहान, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण नव्हते. आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही नव्हती! १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली आणि सुरियानी ग्रंथांत जे उणे आहे ते लॅटिन प्रतीप्रमाणे भरून घ्यावे असा ठराव केला. ती सभा ज्या जबरदस्तीने झाली तिच्याबद्दल केरळात आजही कडवटपणा आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. पण माझा मुद्दा वेगळा. हजाराहून अधिक वर्षे प्रकटीकरण न वाचता, योहान ८ न वाचता, त्या मंडळीने प्रभुभोजन घेतले, मुलांचा बाप्तिस्मा केला, मेलेल्यांना पुनरुत्थानाच्या आशेने पुरले. ते आपल्याहून कमी ख्रिस्ती होते असे कोण म्हणेल?

सत्तावीस पुस्तकांची यादी, आज आहे तशीच्या तशी, आपल्याला पहिल्यांदा ३६७ सालच्या एका पत्रात दिसते. ते पत्र अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने लिहिले. येशूच्या वधस्तंभानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. (कॅथलिक बांधवांच्या प्रतीत ७३ पुस्तके आणि आपल्यात ६६ का, हा जुन्या कराराचा प्रश्न आहे. त्यावर एखाद्या दिवशी वेगळे लिहीन.)

पुस्तके मिळायला एवढा वेळ लागला, तसा विश्वास शब्दांत मांडायलाही लागला. प्रेषितांची कृत्ये १५ पाहा. परराष्ट्रीयांची सुंता करावी का, यावर यरुशलेमेत प्रेषित आणि वडील बसले आणि त्यांच्यात पुष्कळ वादविवाद झाला, असे तिथे लिहिले आहे. उत्तर आकाशातून कागदावर उतरले नाही. पेत्राने सांगितले, पौल आणि बर्णबाने अनुभव सांगितला, याकोबाने शास्त्र काढले, आणि मग जे ठरले ते पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटले असे त्यांनी कळवले. पुढे ३२५ साली निकेयाला बिशप जमले. आपण मतांगीकारात म्हणतो की पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, ती भाषा तिथली. तो ग्रीक शब्द शास्त्रात नाही, आणि त्यामुळे सभेतल्या अनेकांना तो खटकतही होता. पण शास्त्रातला येशू जपायचा तर शास्त्राबाहेरचा एक शब्द घ्यावा लागेल, या निष्कर्षाला ते आले. त्यानंतरही पन्नासेक वर्षे भांडण चालले. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत ते बरेचसे मिटले.

इथे १ योहान ५:७ ची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून मला हमखास कोणीतरी अडवते. जुन्या छापील शास्त्रात या ठिकाणी पिता, शब्द आणि पवित्र आत्मा अशा तीन स्वर्गीय साक्षीदारांचे वाक्य असे. आज आपल्या हातातल्या नेहमीच्या मराठी प्रतीत ते दिसत नाही, तिथे आत्मा, पाणी आणि रक्त आहेत. "हे पाहा, त्रैक्यच काढून टाकलं!" असे सांगणारे भेटतात. खरी हकीकत उलटी आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते वाक्य नव्हतेच, ते लॅटिन प्रतींतून आले. एरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा ते घातले नव्हते. ओरड झाल्यावर १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले. निकेयाच्या बिशपांनी पुत्राच्या देवपणासाठी एवढा वाद घातला, पण त्यांच्या हाती हे वाक्य नव्हते. त्रैक्याचा विश्वास त्या एका वाक्यावर कधीच उभा नव्हता, मग ते गेल्याने पडेल कसा?

मराठीतही हेच झाले, आणि ते आपल्या अगदी घरातले आहे. विल्यम केरी यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले ते १८०५ साली, आणि नवा करार १८११ साली. त्यांना मराठी शिकवणारे, शेजारी बसून शब्द सुचवणारे वैजनाथ पंडित नागपूरचे. म्हणजे छापील मराठी शास्त्राची पहिली बोली आपल्या विदर्भाच्या अंगाची! १८१२ साली श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, कित्येक भाषांची हस्तलिखिते जळाली. यहोयाकीमच्या शेगडीसारखेच, आणि बारूखासारखेच तेही पुन्हा लिहायला बसले. तिकडे १८१३ पासून मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना वाटले की ही मराठी आपल्याकडच्या लोकांना नीट कळत नाही. त्यांनी नव्याने भाषांतर केले. त्यांचा नवा करार १८२६ साली निघाला, आणि त्याच वर्षी त्यांच्यातले गॉर्डन हॉल कॉलऱ्याने गेले. संपूर्ण पवित्र शास्त्र १८४७ मध्ये हाती आले. पुढे पंडिता रमाबाईंना तेही साध्या बायकांना जड वाटले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, एकट्याने सबंध शास्त्राचे भाषांतर केले. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच मुली आणि बायका होत्या. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पुस्तक पूर्ण छापून आले १९२४ मध्ये. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहेच.

केरींचा नवा करार छापला गेला तेव्हा सीनायची प्रत अजून मठातच पडून होती. टिशेंडॉर्फ नावाच्या जर्मन विद्वानाला तिची पहिली पाने दिसली १८४४ मध्ये आणि मोठा भाग १८५९ मध्ये. म्हणून आपल्या सगळ्यांत जुन्या मराठी शास्त्रांत कंस नाहीत. कंस नंतर आले, कारण जास्त जुनी प्रत नंतर सापडली. यात कोणाचा कट नाही. पेपर मिलच्या गावात राहणाऱ्या आपल्याला एवढे तरी कळावे की कागद हातातून हातात जातो तेव्हा त्यावर हातांच्या खुणा राहतात.

शेवटी मार्क १६, कारण इथे प्रश्न नुसत्या अभ्यासाचा नाही, जिवाचा आहे. त्या दोन जुन्या प्रतींत मार्काचे शुभवर्तमान १६:८ वर संपते. बाया कबरेपाशी भ्याल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, एवढ्यावरच. ९ ते २० ही वचने पुढे जोडलेली असावीत असे बहुतेक अभ्यासक म्हणतात. त्यांतल्या १८ व्या वचनात साप हाती धरण्याचा आणि विषाने अपाय न होण्याचा उल्लेख आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत धानाच्या बांधीत, मोहाखाली, झोपल्या जागी साप चावतो हे मी सांगायला नको. अशा वेळी हे वचन म्हणत माणसाला घरातच ठेवून प्रार्थना करत बसण्याच्या गोष्टी माझ्या कानावर आल्या आहेत. बंधूंनो, हे करू नका. पौलाला मिलिता बेटावर साप डसला (कृत्ये २८) तेव्हा तो लाकडे गोळा करत होता, सापाला हात लावून देवाची परीक्षा पाहत नव्हता. आणि सैतानाने येशूला उडी मारायला सांगितले तेव्हा त्याने काय उत्तर दिले ते मत्तय ४:७ मध्ये वाचा. ज्या वचनाखाली एवढी मोठी टीप आहे, त्याच्या एका ओळीवर लेकराचा जीव टांगायचा नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता आधी गाडी काढा, दवाखान्यात लस आहे तिथे पोहोचा. प्रार्थना गाडीत करा, मोठ्याने करा.

घरात जुनी, आजी-आजोबांच्या वेळची मराठी शास्त्राची प्रत असेल तर आज काढा. तिच्यातले योहान ८, मार्क १६ आणि १ योहान ५ आताच्या प्रतीशेजारी ठेवून मुलांबरोबर वाचा. काय वेगळे दिसते ते वहीत लिहून रविवारी घेऊन या.

प्रार्थना: प्रभो, बारूखासाठी, वैजनाथ पंडितांसाठी, मुक्तीत खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींसाठी तुझे आभार. ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, त्या नकलून काढणाऱ्यांसाठीही. ज्यांच्या भोवती आजही दगड घेऊन लोक उभे आहेत, त्यांच्याजवळ खाली वाकून जमिनीवर लिहीत बस. आमेन.

उद्याचे वाचन: योहान ८:१२-३०